द्वारका पतंगे यांचं टपाल

"बोटं सैल सोडा सिस्टर. तुम्ही दाबू नका, मला दाबू द्या," पाटोळे हवालदार म्हणाले.

मिरजेच्या पोलीस ठाण्यात खिडकीजवळच्या टेबलाशी माझी बायको उभी होती. पाटोळ्यांनी काचेच्या तुकड्यावर रुळानं काळी शाई पसरली होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा त्यांनी शाईत टेकवला आणि मग कागदावरच्या चौकोनात, नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, हळूच लोळवला. कागदावर काळा डाग उमटला. नुसता डाग.

"ह्यात रेषाच न्हाईत की ओ," कागद उजेडाकडं धरून ते म्हणाले.

"पस्तीस वर्षं हात धुतलेत. दिवसातनं तीस वेळा, तेही औषधाच्या पाण्यानं. राहतील कशा?"

"मग चोरी करायला तुमच्यासारखं माणूस न्हाई. जल्मात सापडायचं न्हाई."

"हे आत्ता सांगताय? रिटायर झाल्यावर?"

पाटोळे मोठ्यानं हसले. त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात हिनं वॉर्डात तिची सेवा केली होती, म्हणून ते आमच्याशी इतक्या मोकळेपणानं बोलत होते. मी बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. पोलीस ठाण्याची पायरी चढायची माझी ती पहिलीच वेळ. काही केलेलं नसतानाही माझे पाय गार पडले होते. निदान काही केलेलं नाही असं तरी मी स्वतःशी म्हणत होतो.

काम तसं साधं होतं. २००९ सालची गोष्ट. आमची एकुलती मुलगी अनघा कॅनडात, विनिपेगला. तिचा मुलगा अडीच वर्षांचा झाला होता आणि आम्ही त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. आम्हाला कायमचं बोलावून घेण्यासाठी तिनं केलेला अर्ज चार वर्षं सरकत सरकत शेवटच्या कागदांपाशी आला होता. वयाच्या अठराव्या वर्षानंतर ज्या ज्या देशात सहा महिन्यांहून जास्त राहिलात, त्या त्या देशाच्या पोलिसांचा दाखला हवा. या माणसाविरुद्ध आमच्याकडे काही नोंद नाही, असा. मुदत नव्वद दिवसांची. दाखला आला नाही तर फाइल बंद.

माझं इथल्या दाखल्यावर भागत होतं. वाचनालयाची नोकरी केलेला माणूस मी. पुण्याच्या पलीकडं मी क्वचितच गेलो असेन. पण बायकोनं लग्नाआधी तीन वर्षं झांबियात, तांब्याच्या खाणींच्या एका गावातल्या इस्पितळात नर्सची नोकरी केली होती. म्हणून तिच्या बोटांचे ठसे आता लुसाकाच्या पोलिसांकडं जायचे होते.

पाटोळ्यांनी चहा मागवला. "पिऊ नका. नुसता गिलास धरून बसा. ऊब लागली की रेषा वर येत्यात. गवंडी, भांडीवाल्या मावश्या, सगळ्यांना असंच बसवतो मी."

ती चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली. मध्येच माझ्याकडं बघून म्हणाली, "अहो, घाम पुसा. ठसे माझे घेतायत."

दहा मिनिटांनी दुसऱ्या कागदावर ठसे उठले. फिकट, पण रेषा दिसत होत्या. पाटोळ्यांनी पेन काढलं.

"आता पूर्ण नाव. तिकडं ज्या नावानं हुता ते."

मी सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "द्वारका रामचंद्र पतंगे."

एका दमात म्हणाली. अडखळली नाही, आठवावं लागलं नाही. बत्तीस वर्षांत ते नाव मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मग नीरजा खटावकर कोण?" पाटोळ्यांनी फॉर्मकडं बघत विचारलं.

"तीही मीच. ते ह्यांनी ठेवलं, लग्नात."

"सरांनी? म्हंजे पुस्तकातलं असणार."

"पुस्तकातलंच," ती म्हणाली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

तेव्हा तसंच होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. मी महिनाभर आधी अकरा नावांची यादी केली होती आणि खोडत खोडत एकावर आलो होतो. या कामाचा मला मोठा अभिमान होता. तिला विचारावं हे डोक्यात आलं नाही. कुणाच्याच येत नसे, असं म्हणून मी आजवर सुटत आलोय. लग्नानंतर दोनतीन दिवसांनी तिनं विचारलं होतं, नीरजाचा अर्थ काय. मी म्हटलं, पाण्यातून वर आलेली, कमळ. ती म्हणाली, "आणि द्वारका तर पाण्यात बुडालेली." मी हसलो होतो. ती हसली होती का, ते आठवत नाही.

ठसे झाले, पण फॉर्म पुरा होत नव्हता. झांबियातल्या नोकरीच्या परवान्याचा नंबर आणि नेमक्या तारखा हव्या होत्या. ते सगळं जुन्या पासपोर्टात होतं, आणि पासपोर्ट वाळवीनं खाल्ला होता. वाळवी माझ्या पुस्तकांच्या कपाटातून तिच्या ट्रंकेत गेली होती. यावर ती इतकंच म्हणाली, "तुमच्या पुस्तकांचं आणि माझ्या कागदांचं कधी जमलंच नाही."

मग तिनं इस्पितळाला पत्र लिहिलं. वॉर्डातल्या वहीत लिहावं तशा छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. मी अमुक साली तुमच्याकडे होते. माझं तेव्हाचं नाव हे. आताचं नाव हे. परवान्याचा नंबर कळवावा. उत्तरासाठी माझा ईमेल दिला, कारण ती कॉम्प्युटरला हात लावत नसे. मी स्टेशन रोडवरच्या कॅफेत जाऊन आठवड्यातून दोनदा बघायचो. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं.

मुलेंगा नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. इस्पितळाच्या जुन्या फायली त्या सांभाळत असाव्यात. परवान्याचा नंबर होता, तारखा होत्या. खाली आणखी एक परिच्छेद होता. तो मी इतक्या वेळा वाचला की अजून पाठ आहे. "आपल्या फाइलीत आमचंच एक पत्र आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये ते आपल्याला पाठवलं होतं. 'या पत्त्यावर या नावाची कोणी व्यक्ती नाही' असा शेरा घेऊन ते न उघडता परत आलं. पत्र आपलं आहे, म्हणून रजिस्टर टपालानं आपल्या आताच्या पत्त्यावर पाठवत आहोत. उशिराबद्दल क्षमस्व."

मी नंबर आणि तारखा चिठ्ठीवर उतरवून घेतल्या. प्रिंट काढली नाही.

घरी आल्यावर तिनं चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "आणखी काही लिहिलंय का हो? तिकडचं कोणी आहे का अजून?"

"नाही," मी म्हटलं. "नव्या बाई आहेत कुणीतरी."

फॉर्म दुसऱ्या दिवशी लुसाकाला गेला. तिच्या मनावरचं ओझं उतरलं. माझ्या मनावर दुसरंच येऊन बसलं.

आता ते सांगायला हवं.

लग्नानंतर आम्ही किल्ला भागात दोन खोल्यांत राहत होतो. ती तीन महिन्यांच्या रजेवर आली होती आणि त्या रजेत लग्न झालं होतं. तिनं मला सांगितलं होतं, "मी तिकडं पत्र लिहून विचारलंय. उत्तर आलं की बघू." काय विचारलंय हे मी विचारलं नाही. मला वाटलं, परत केव्हा येऊ असंच विचारलं असणार. तिला माझ्यापेक्षा जास्त जग माहीत होतं. ती विमानात बसली होती, तिला पोहता येत होतं, ती अनोळखी माणसांशी बोलायची. मी घरातल्या घरात तिच्याशी बोलताना मनात आधी वाक्य जुळवायचो. ती गेली तर परत येणार नाही अशी माझी खात्री होती. मी तिच्या जागी असतो तर आलो नसतो.

एका सकाळी ती नळावर गेली असताना मुल्ला पोस्टमन दाराशी आला. हातात निळं पाकीट, वर परकी तिकिटं.

"मास्तर, ही द्वारका पतंगे कोण तुमच्यात?"

मी पाकिटाकडं बघितलं. मग गल्लीच्या टोकाला नळाकडं बघितलं.

"या नावाची इथं कोणी राहत नाही," मी म्हटलं.

"पत्ता तर हाच आहे."

"असेल. पण अशी कोणी नाही."

मुल्लानं डोकं खाजवलं. "फॉरिनचं टपाल. परत धाडायचं तर इंग्लिशमधी लिवाय पायजे. तुम्हीच लिवा की, तुमचं अक्षर ब्येस."

आणि मी लिहिलं. वाचनालयाची कार्डं लिहून बसलेल्या त्या सुबक अक्षरात पाकिटाच्या मागे एक इंग्रजी ओळ लिहिली आणि पाकीट परत दिलं. ती हंडा घेऊन आली तेव्हा मुल्ला गल्लीच्या वळणावर पोचला होता.

दिवाळीपर्यंत तिनं वाट बघितली. रोज पोस्टमन गेला की दार लावून घ्यायची. मग एक दिवस म्हणाली, "त्यांना दुसरी कोणी मिळाली असेल." आणि इथल्या इस्पितळात अर्ज करून आली. तिथूनच ती रिटायर झाली, मेट्रन होऊन. आमचा संसार चांगला झाला, असं मला वाटतं. तिला काय वाटतं हे विचारायची वेळ आली की माझं वाक्य जुळायचं नाही.

तर आता तेच पत्र पुन्हा निघालं होतं. मी रोज सकाळी अकरा ते एक व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसू लागलो.

"हल्ली वाचनालयात जात नाही?" तिनं विचारलं.

"तिथं गडबड असते."

"वाचनालयात? गडबड?" ती दारात उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. "तब्येत बरी आहे ना? बीपी बघू?"

तिनं खरंच बीपी बघितलं. थोडं वाढलं होतं. मीठ कमी झालं.

सांगून टाकावं असं रोज ठरवत होतो. 'तुला आठवतं का, आपण किल्ला भागात राहत होतो' इथून एक सुरुवात होती. 'मी एकदा तुझ्याशी फार वाईट वागलो' इथून दुसरी. दोन्ही मनात चांगली वाटत आणि तोंडाशी आली की एखाद्या सुमार नाटकातली वाटत. पोस्टमन येण्याची वेळ टळली की मला सुटल्यासारखं व्हायचं, आणि त्या सुटण्याची लाज वाटायची.

एप्रिलच्या शेवटाला तो आला. सायकल फाटकाला टेकवून त्यानं पिशवीतून जाडसर पाकीट काढलं. या भागातला नवा, तिशीतला माणूस होता.

"काका, द्वारका पतंगे इथं कोणी राहतंय का? नाव वेगळंच आहे, पण पत्ता तुमचा दिसतोय."

आत मिक्सर चालू होता. ती चटणी वाटत होती.

"राहतात," मी म्हटलं.

"कोण तुमच्या?"

"माझी मिसेस."

"मग तुम्हीच सही करा की. घरचीच माणसं." त्यानं कागद पुढं केला, कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं आणि स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं.

सही केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पाकीट पुस्तकांच्या कपाटात गेलं असतं, वाळवीनं पुढचं बघितलं असतं. माझ्या हातात पेन होतं. तिच्या त्याच पत्रासाठी, दुसऱ्यांदा.

"थांबा," मी म्हटलं. "बोलावतो."

मी दारात गेलो. नीरजा असंच ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"द्वारका," मी हाक मारली. मिक्सरमुळं ऐकू गेली नाही, म्हणून पुन्हा मारली. "द्वारका, तुझं टपाल आलंय."

मिक्सर बंद झाला. ती पदराला हात पुसत बाहेर आली. आधी माझ्याकडं बघितलं, मग पोस्टमनकडं. पेन घेतलं आणि सही केली, 'डी. आर. पतंगे', एका फटकाऱ्यात, औषधाच्या चार्टवर करावी तशी.

आतल्या टेबलाशी बसून तिनं मोठं पाकीट उघडलं. त्यातून जुनं निळं पाकीट निघालं. तिनं ते उलटं केलं. मागची ओळ वाचली. मी समोर उभा होतो. बसायचं मला सुचलं नाही.

तिनं चाकू आणला, पाकिटाची कड सरळ कापली आणि आतला कागद काढून वाचला. एकदा, मग पुन्हा. मग माझ्यापुढं सरकवला.

त्या वेळच्या मेट्रननं लिहिलं होतं. तुझी विनंती मान्य आहे. जानेवारीपासून लग्न झालेल्यांच्या दोन खोल्या मिळतील. तू पतीबद्दल लिहिलंस त्यावर सुपरिंटेंडंटशी बोलले. नर्सिंग शाळेची पुस्तकं दोन वर्षं खोक्यांत पडून आहेत, लावायला माणूस नाही. त्यांना नोकरी देता येईल. नोव्हेंबरच्या आत कळव. आम्ही सगळ्या वाट बघतोय.

"माझ्याबद्दल तू लिहिलं होतंस?"

"लिहिलं होतं, नवरा पुस्तकांतला माणूस आहे, त्याला काम असेल तरच येईन. एकटी येणार नाही."

"मला बोलली नाहीस."

"उत्तर आलं की सांगणार होते. ते नाही म्हणाले असते तर तुम्ही उगाच मनाला लावून घेतलं असतं. तुमचा स्वभाव माहीत झाला होता तोवर."

मी खाली बसलो. "ते मागचं अक्षर माझं आहे."

"ओळखते मी. बत्तीस वर्षं तुमच्या याद्या घेऊन वाण्याकडं जातेय." तिनं पाकीट पुन्हा हातात घेतलं. "काय सांगितलंत पोस्टमनला?"

"या नावाची इथं कोणी राहत नाही."

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"खरंच होतं की ते," ती म्हणाली. "दीड महिना झाला होता, मला द्वारका म्हणून कुणी हाक मारली नव्हती."

मग उठली, आत गेली आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला. जेवताना चटणी वाढली. त्यानंतर पंधराएक दिवस ती माझ्याशी बोलली, पण कामापुरतं. गॅस संपलाय. अनघाचा फोन होता. गोळी घ्या. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी वाचनालयात जाऊ लागलो. खरंच तिथं गडबड असायची, किंवा मला तसं वाटायचं.

लुसाकाचा दाखला मुदतीच्या अकरा दिवस आधी आला. पुढं फाइल मंजूर झाली, सप्टेंबरात आम्ही विनिपेगला गेलो, नातू पहिले दोन दिवस आम्हाला घाबरला आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर झोपला. पण मला लख्ख आठवते ती मे महिन्यातली दुपार. दिल्लीला वकिलातीकडं पाठवायचे कागद टेबलावर पसरले होते. ती एकेक कागद तपासून लावत होती, मी शेजारी बसलो होतो.

तिच्या दाखल्यावर दोन्ही नावं होती. तिनं ती बोट फिरवून वाचली. मग माझा दाखला उचलला. इथल्या पोलिसांचा.

"माधव विठ्ठल खटावकर," तिनं मोठ्यानं वाचलं. "यांच्याविरुद्ध कोणतीही प्रतिकूल नोंद नाही." चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "म्हणजे तुमच्याबद्दल काही तक्रार नाही म्हणतात."

"पोलिसांची नाही," मी म्हटलं.

"हं. मला कुठं विचारलं त्यांनी?"

पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली होती. मला वाटतं, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण मला असं नेहमीच वाटत आलंय, त्यामुळं खात्री देत नाही.

"मी विचारतो," मी म्हटलं. "आता."

"बत्तीस वर्षांनी?"

"हो."

"विचारा. पण आधी ह्या पाकिटावर पत्ता घाला. अक्षर तुमचंच चांगलं आहे."

तिनं कागद पाकिटात सारले आणि पाकीट माझ्यापुढं ठेवलं. मी दिल्लीचा पत्ता लिहिला, सावकाश, एकेक अक्षर सुटं. मग पाकीट उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. मी पेन टेकवलं, आणि उचललं.

"पाठवणाऱ्याचं नाव काय लिहू?" मी विचारलं.

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "विचार करू दे मला."

मी पेन उघडंच धरून थांबलो.